पदरचा हिस्सा

“माझा या वर्षी सगळ्यात वरचा टाक,” मार्लीस म्हणाली आणि संत्र्याची फोड तिनं तोंडात टाकली.

रेटोची बोटं लॅपटॉपवर थबकली. रविवारची दुपार होती. ऱ्हाईनवरून आलेलं धुकं खिडकीला चिकटून बसलं होतं, आणि नोव्हेंबरातल्या रविवारी बाझलमधल्या निम्म्या घरांत जे चाललेलं असतं तेच त्यांच्याही स्वयंपाकघरात चाललं होतं. पुढल्या वर्षीचे आरोग्यविम्याचे हप्ते जाहीर झाले की लोक आधी सरकारला, मग कंपन्यांना, मग एकमेकांना शिव्या देतात आणि महिना संपायच्या आत कुठं स्वस्त पडेल ते शोधत बसतात. या दोघांचा तर तो घरचा सणच झाला होता. तो वाचून दाखवायचा, ती संत्री सोलत शेरे मारायची. एका वर्षी तिनं एक कंपनी केवळ पोहण्याच्या तलावाचे पैसे देते म्हणून निवडली होती. एका वर्षी दुसरी एक, जाहिरातीतला म्हातारा तिच्या वडिलांसारखा दिसतो म्हणून नाकारली होती. लग्नाला जितकी वर्षं झाली जवळजवळ तितके हे रविवार. आणि गेली दोन वर्षं त्यात ठरवण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. आजारपणाच्या खर्चातला पहिला वाटा इथं ज्याचा त्यानं सोसायचा असतो. तीनशे फ्रँकांपासून अडीच हजारांपर्यंत, किती सोसायचा ते दर वर्षी आपणच ठरवायचं. वाटा मोठा घेतला की हप्ता उतरतो. ज्याला वर्षभर डॉक्टरची पायरी चढायची नाही त्यानं वरचा घ्यावा, दुखणाइतानं खालचा. ते दोघं त्याला पदरचा हिस्सा म्हणत. मार्लीसचा हिस्सा दोन वर्षांपूर्वी, ऑपरेशनच्या आधल्या शरदात, त्यानं सगळ्यात खाली आणून ठेवला होता.

“खालचा म्हणायचंय तुला,” तो म्हणाला.

“वरचा.”

“अगं, उलट होतंय तुझं. एका स्कॅनमध्ये, एका सलाइनमध्ये…”

“स्कॅन करायचाच नसेल तर?” तिनं सालीचा एक लांब वेटोळा टेबलावर ठेवला. “आणि तो निमखासगी खोलीचा जादा विमासुद्धा काढून टाक. दर महिन्याला एवढे पैसे कुणाच्या घशात घालतो आपण?”

रेटोनं तिच्याकडे पाहिलं नाही. स्क्रीनवर दोन चौकोन होते, पहिली व्यक्ती आणि दुसरी व्यक्ती, आणि दुसरीच्या चौकोनात एक छोटी रेघ उघडझाप करत होती. फ्रिज घुरघुरत होता. संत्र्याचा वास एकाएकी इतका तिखट झाला की त्याच्या नाकात झोंबलं.

“मंगळवारी काय म्हणाली डॉक्टर?” त्यानं विचारलं.

“ती काय म्हणणार? मीच म्हणाले. पुरे म्हणाले.”

मंगळवारी संध्याकाळी त्यानं हेच विचारलं होतं आणि ती ‘नेहमीचंच’ म्हणाली होती. मग दोघांनी सूप प्यायलं होतं, बातम्या पाहिल्या होत्या, तिनं त्याच्या शर्टाचं बटण लावून दिलं होतं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार ती हे मनात घेऊन घरभर वावरत होती आणि याला बटण तेवढं दिसलं. त्यानं लॅपटॉप मिटला. “चहा टाकू?” तो म्हणाला. “टाक,” ती म्हणाली. आणि तो किटलीत पाणी भरत राहिला, भरून वाहायला लागलं तरी.

शब्दांनी फसावं असा तो माणूस नव्हता. एका मोठ्या औषध कंपनीत तो माहितीपत्रकं तपासायचा, खोक्यात घडी घालून ठेवलेला आणि कुणीही न वाचलेला तो पातळ कागद. ‘क्वचित’ आणि ‘फार क्वचित’ यांत किती माणसांचं अंतर असतं ते त्याला पाठ होतं. ‘थकवा येऊ शकतो’ आणि ‘थकवा येतो’ यांवरून त्यानं सहकाऱ्यांशी तासन्‌तास हुज्जत घातली होती. मार्लीसला पहिल्यांदा केमोथेरपी दिली तेव्हा त्या औषधाचं पत्रक त्यानं आपल्या सवयीनं पेन घेऊन वाचलं आणि एका स्वल्पविरामाला गोलही केला. मग ती न्हाणीघरात गुडघ्यांवर बसून ओकत असताना तिच्या पाठीवर हात ठेवून तो मनात म्हणत राहिला होता: फार वारंवार, दहांपैकी एकाहून अधिक. त्या शब्दांचा आधार वाटायचा. जे छापलेलं आहे ते कुणीतरी आधी भोगून, मोजून ठेवलेलं असतं. पण ‘पुरे’ हा शब्द कुठल्याच पत्रकात नव्हता. ‘उपचार मध्येच बंद करू नका’ असं होतं, शेवटी, ठळक अक्षरांत. ते वाक्य त्यानं स्वतः कित्येकदा तपासून पुढं पाठवलं होतं.

चहा पिताना ती कोरीनबद्दल बोलली. कोरीन त्यांची मुलगी, बर्नला असते. तिला तिनं आधीच सांगितलं होतं. म्हणजे मुलीला ठाऊक होतं. रेटोला याचा राग यायला हवा होता. आला नाही. त्याला आठवलं, कोरीन दोन महिन्यांची असताना मार्लीस तिला घेऊन तलावावर गेली होती, शाळेतल्या पोरांना पोहायला शिकवायला, आणि हा ऑफिसातून धावत आला होता, सर्दी होईल म्हणून. मार्लीस पाण्यात कमरेइतकी उभी, गळ्यात शिट्टी, छातीशी ते एवढंसं बोचकं. “अरे, पाणी गरम आहे,” ती या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, “तूही ये आत!” तिचा आवाज तसाच होता, तलावावर घडलेला. जेवायच्या टेबलावरही ती मीठ मागायची ते पन्नास मुलांच्या वर आवाज चढवून. लग्नानंतरची पहिली वर्षं रेटोला शेजाऱ्यांची लाज वाटायची. मग केव्हा कोण जाणे, त्या आवाजाशिवाय घर त्याला बंद पडल्यासारखं वाटायला लागलं.

आणि निमखासगी. ते तर त्याचंच खूळ. मूळ विमा सगळ्यांना असतो, त्यात इस्पितळातली साधी खोली मिळते. वर जादा पैसे भरले तर दोन खाटांची खोली आणि डॉक्टर निवडायची मुभा. मार्लीस दर वर्षी म्हणायची, बंद कर, आणि तो दर वर्षी म्हणायचा, एकदा सोडलं की आजारी माणसाला पुन्हा कुणी दारात उभं करत नाही. हे खरंच होतं. ऑपरेशन झालं तेव्हा त्याला आपल्या दूरदृष्टीचा अभिमान वाटला होता. केवढी ती खोली! नदीकडची खिडकी, फिकट पडदे. दुसऱ्या खाटेवर एका नोटरीची विधवा होती. तिनं पहिल्याच दिवशी मधला पडदा ओढून घेतला आणि परिचारिकेमार्फत कळवलं की मला बोलण्याचा त्रास होतो. मार्लीस दीड आठवडा कुजबुजत राहिली. रेटो आला की ती पडद्याकडे बोट करायची आणि ओठांवर बोट ठेवायची. “किती शांत आहे नाही इथं?” तो म्हणायचा. “फार,” ती म्हणायची. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी बेकरीत गेली तेव्हा पाव मागताना तिचा आवाज फुटेना. घसा खाकरून तिनं पुन्हा मागितला आणि अचानक रडायला लागली. रेटोनं ते अशक्तपणाच्या खात्यात टाकलं होतं. आता, चहाचा कप हातात धरून, त्याला पहिल्यांदाच वाटलं की त्या पडद्याचे पैसे आपण वर्षानुवर्षं भरत आलो.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यानं विमा दलालाच्या कचेरीत फोन लावला. तिनं सांगितलं तसं करायचं तर नेमकं काय होतं ते माहीत करून घ्यावं, एवढंच त्याच्या मनात होतं. पलीकडे हुंकेलर नावाचा एक तरुण होता, आवाजातच दात दिसावेत असा हसरा.

“दोघं जण? उत्तम. बाई काही औषधं घेतात?”

ऑफिसच्या जिन्याजवळ कॉफीच्या यंत्राशी रेटो उभा होता. समोरच्या काचेत त्याचं प्रतिबिंब, हातात फोन.

“नाही,” तो म्हणाला.

“इस्पितळ वगैरे, गेल्या दोन-चार वर्षांत?”

“नाही. ती पोहते. ऱ्हाईनमध्ये. सप्टेंबर संपेपर्यंत पोहते.”

“अरे वा! मग झुबर साहेब, तुम्ही इतका खालचा हिस्सा कशाला घेऊन बसलात? बाईंची तब्येत एवढी ठणठणीत, आणि तुम्ही हप्ता भरताय दुखणाइताचा!”

“मी जरा भित्रा आहे.”

“भीतीचा हप्ता फार महाग पडतो, साहेब,” हुंकेलर म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसला. रेटोही हसला. त्याला खरोखरच हसू आलं. फोन ठेवल्यावर तो तिथंच उभा राहिला. शहरात कुठंतरी एका कचेरीत, एका यंत्रात, या क्षणी एक ठणठणीत मार्लीस होती. केस दाट, दंड भरलेले, पुलाखालून वाहत येते आहे आणि काठावरच्या माणसांना हाका मारते आहे. तिला तिथं त्यानं ठेवलं होतं, आणि कोणी ‘हे खोटं’ म्हणत नव्हतं.

मंगळवारी त्यानं दुसऱ्या कचेरीत फोन केला. तिथल्या बाईला त्यानं सांगितलं की पत्नी अजून शिकवते, ईस्टरला दोघं तेसिनच्या डोंगरांत पायी फिरायला जाणार आहेत. तिसऱ्या ठिकाणी तो चष्म्याबद्दल बोलला, मार्लीसला आता वाचायला चष्मा लागतो आणि ती मान्य करत नाही. चौथ्या ठिकाणी तो विम्याबद्दल जवळजवळ विसरलाच. सगळे त्याला हिशेब करून देत, कुठलं स्वस्त, कुठलं फायद्याचं, आधी फोनवर डॉक्टरचा सल्ला घ्यायची अट मान्य केली तर आणखी किती सूट. तो ‘हं, हं’ करत ऐकायचा आणि वाट बघायचा की आता ते पुन्हा विचारतील, बाई कशा आहेत? आजाराच्या दोन वर्षांत हा प्रश्न त्याला शेकडो लोकांनी विचारला होता आणि दर वेळी त्यानं विषय बदलला होता. आता त्याला त्या प्रश्नाची चटक लागली. घरी गेल्यावर सोफ्यावर पांघरूण घेऊन पडलेली, भुवया नसलेली बाई त्याला क्षणभर परकी वाटायची. ती विचारायची, “केलंस का माझं काम?” तो म्हणायचा, “बघतोय. घाईनं करायची गोष्ट नाही ती.”

आठवड्याच्या शेवटी तो घरी आला तेव्हा मार्लीस स्वयंपाकघरात बसली होती. दिवा लावलेला नव्हता. टेबलावर फोन.

“हुंकेलर म्हणून कुणाचा फोन होता,” ती म्हणाली. “गोड मुलगा आहे.”

रेटोनं कोट काढायला घेतला आणि एका बाहीतच तो अडकला.

“मला म्हणाला, बाई, या वयात ऱ्हाईनमध्ये पोहता म्हणजे कमाल आहे. मी म्हटलं, हो. म्हणाला, पाणी गार नसतं का? मी म्हटलं, सुरुवातीला लागतं, मग अंगाला कळत नाही. बराच वेळ बोललो आम्ही. मी त्याला सांगितलं, कपडे पिशवीत घालून ती पाठीला बांधायची, आणि पुलाच्या खांबापासून लांब राहायचं. तो इथला नाही, झुगचा आहे. पुढल्या उन्हाळ्यात उतरणार म्हणतोय.”

“मार्लीस…”

“मी बरी दिसते रे त्याच्याकडे. मला आवडली ती मार्लीस.”

तो खुर्चीवर बसला, अर्धा कोट अंगात तसाच. बाहेर ट्राम गेली, तिच्या उजेडात मार्लीसचा चेहरा उजळला आणि पुन्हा अंधारात गेला. ती रडत नव्हती. तिनं हात पुढं करून त्याची अडकलेली बाही ओढून काढली, लहान मुलाची काढावी तशी.

“तू मला एकदाही विचारलं नाहीस, का पुरे ते,” ती म्हणाली. आवाज खालचा होता, तिचा नव्हेच तो. “त्या पोराला एवढं सगळं सांगितलंस. मला एक प्रश्न नाही.”

“विचारलं तर तू सांगशील, म्हणून.”

“मग आता सांगते. तू ते दोन रकाने मांडतोस ना, या बाजूला खर्च, त्या बाजूला फायदा? मीही मांडले. मनातल्या मनात. तिथं खुर्चीत बसलं की चार तास ते थेंब बघत बसायचं असतं, दुसरं करणार काय? डॉक्टर म्हणाली, आणखी एकदा दिलं तर काही महिने मिळतील. मी विचारलं, कसले महिने? ती चांगली बाई आहे, खोटं बोलली नाही. म्हणजे बघ, जे दिवस मिळणार ते सगळे ते मिळवण्यातच जायचे. तुझ्या लक्षात येतंय का? मिळकत सगळी तिथंच भरायची.”

“सगळीच नाही.”

“जवळजवळ सगळी.”

“मला जवळजवळसुद्धा चाललं असतं,” रेटो म्हणाला. आपण हे बोललो याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

मार्लीस म्हणाली, “ठाऊक आहे मला. म्हणून तर तोंडानं सांगता आलं नाही. हप्त्यांच्या मध्ये घालून सांगितलं. मला वाटलं, आकड्यांतून सांगितलं तर तुला कळेल.”

त्या संध्याकाळी त्यांनी बटाटे आणि चीज खाल्लं. ती दोन घास खाऊन थांबली, आणि त्यानं ‘आणखी घे’ म्हटलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच म्हटलं नाही. तिच्या ते ध्यानात आलं असावं; तिनं टेबलाखालून आपला पाय त्याच्या पायावर ठेवला. त्याला वाटलं, हे इतकंच असतं का? इतकी वर्षं आपण माणसाला जपतो, गरम कपडे घालायला लावतो, कंपन्या बदलतो, दोन खाटांची खोली राखून ठेवतो, आणि एके दिवशी जपण्याचा एकच प्रकार उरतो: आग्रह न करण्याचा. तो आपल्याला येतच नाही. कुणी शिकवलाच नाही.

महिना संपायच्या दिवशी तो पुन्हा लॅपटॉप घेऊन बसला. मार्लीस आतल्या खोलीत रेडिओ ऐकत होती. सगळं तयार होतं. दुसऱ्या व्यक्तीच्या चौकोनात अडीच हजार, निमखासगीसमोर ‘रद्द’. एक बटण दाबायचं बाकी. त्यानं बोट ठेवलं. ‘रद्द’ हा शब्द तो बघत राहिला. तपासनीसाच्या नजरेनं बघितलं, चूक सापडते का. मग त्यानं सगळं पुसलं. हिस्सा खालचाच राहिला, खोली दोन खाटांचीच राहिली, कंपनीसुद्धा तीच. माणसाचं मन बदलू शकतं, जानेवारीत तिला वाटलं, अजून एकदा घ्यावं, तर? दार उघडं असावं. आत जाऊन तो म्हणाला, “झालं.”

“सगळं?”

“सगळं.”

“शहाणा माझा,” ती म्हणाली आणि रेडिओचा आवाज वाढवला. दलालाला सांगितलेलं खोटं गोड लागलं होतं. हे कडू लागलं.

डिसेंबर मात्र बरा गेला. औषधांचा अंमल उतरला आणि तिच्या अंगात थोडी ऊब परतली. कोरीन आली, राहिली, आईशी भांडली, रडली, मग दोघींनी मिळून दालचिनीची बिस्किटं भाजली आणि अर्धी करपवली. एका उन्हाच्या दिवशी रेटो मार्लीसला घेऊन नावेतून नदीपलीकडे गेला, पुन्हा अलीकडे आला, पुन्हा पलीकडे, नावाडी म्हणाला, “काय हो, उतरायचं ठरत नाही वाटतं?” आणि मार्लीस जुन्या आवाजात म्हणाली, “तुमची नाव फार आवडली, विकता का?” डोक्याला लोकरी टोपी, नाक लाल. त्या दिवशी रेटो मनात हिशेब मांडायला गेला आणि अर्ध्यावर सोडून दिला. जानेवारीत तिच्या पोटात पाणी भरायला लागलं. ती जिन्यावर मध्येच बसायची. मन बदलण्याबद्दल ती काही बोलली नाही, त्यानंही विचारलं नाही. आणि कार्निव्हलच्या आठवड्यात, ढोल-पिपाण्यांनी सगळं शहर दुमदुमत असताना, दुखणं घरच्या गोळ्यांना ऐकेनासं झालं.

इस्पितळात भरतीच्या टेबलावरच्या बाईच्या केसांत रंगीत कागदाचे कपटे अडकले होते. ते तिला ठाऊक नव्हतं. तिनं मार्लीसचं कार्ड यंत्रात घातलं. “झुबर बाई, निमखासगी. चौथ्या मजल्यावर दोन खाटांची खोली आहे, दुसऱ्या बाई फार शांत आहेत. बरं पडेल तुम्हाला.”

चाकाच्या खुर्चीत बसलेल्या मार्लीसनं मान वळवून रेटोकडे पाहिलं. तो तिच्या पिशवीचे बंद धरून उभा होता.

“तू काढलंच नाहीस,” ती म्हणाली.

“नाही.”

“आणि हिस्सा?”

“खालचाच.”

वेदनेनं तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याला वाटलं आता ती रागावेल, आणि ते तिच्या हक्काचं होतं. पण तिच्या ओठांचा एक कोपरा वर गेला. “दलालाला थापा, बायकोला थापा,” ती म्हणाली. “आणि मी लोकांना सांगायचे, माझा नवरा स्वल्पविरामसुद्धा खोटा टाकत नाही.” मग टेबलामागच्या बाईकडे वळून: “अहो, तुमच्याकडे चौघींची खोली असेल ना? आवाजाची?”

“आहे, पण तुमच्या विम्यात तुम्हाला त्याहून चांगली…”

“चांगली मी बघितली आहे. मला माणसांत टाका.”

बाईनं रेटोकडे पाहिलं. पेशंटचा नवरा काय म्हणतो ते बघायची पद्धत असावी. “असं कुणी करत नाही सहसा,” ती म्हणाली. “मग इथं सही लागेल, की हक्क असून तुम्ही सोडताय. बाईंचा हात थरथरतोय, तुम्ही केलीत तरी चालेल.” तिनं कागद सरकवला. रेटोनं पेन घेतलं. आयुष्यात एखादा मजकूर न वाचता त्यानं सही केली ती हीच. करताना छातीत, इतके दिवस गच्च आवळून धरलेलं काहीतरी हळूच सुटलं, आणि सुटताना इतकं दुखलं की त्याला टेबलाचा काठ धरावा लागला. खाली पाहिलं तर मार्लीसनं आपला हात त्याच्या कोटाच्या खिशात घातला होता, ऊब घ्यायला.

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत तीन बायका होत्या आणि त्यांचं कशावरून तरी भांडण चाललं होतं. दाराजवळच्या खाटेवरच्या थॉमेन आजींना सगळ्या जगालाच कमी ऐकू येतं असं वाटत असावं. “आली का चौथी?” त्या गरजल्या. “पत्ते खेळतेस का गं पोरी? तिघींत कसला खेळ होतोय, ही इल्दा तर पोर्तुगालचे नियम सांगते!”

“मी नियम सांगत नाही, तुम्ही फसवता!” खिडकीजवळच्या खाटेवरून इल्दा ओरडली.

“खेळते,” मार्लीस म्हणाली. मग घसा साफ करून पुन्हा म्हणाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी: “खेळते! आणि हरत नाही!”

त्या खोलीत ती नऊ दिवस होती. दुखणं सुईनं आटोक्यात ठेवलेलं, बाकी काही नाही. रेटो ऑफिसातून यायचा तेव्हा जिन्यातूनच हशा ऐकू यायचा. कोरीन बर्नहून रोज संध्याकाळी यायची आणि आजींकडून शिव्या खायची. हळूहळू मार्लीसच्यानं पत्ते धरवेनात. मग आजींनी फर्मान काढलं की नवऱ्यानं तिच्या हातचं खेळावं, त्याशिवाय डाव मोडतो. खाटा जवळ ओढल्या, मध्ये जेवणाचा फिरता पाट. रेटो खेळाडू नव्हता. तो चांगली पानं मागं ठेवायचा आणि शेवटी ती वाया जायची. मार्लीस डोळे मिटून पडलेली असायची. तो पानं तिच्या कानाशी हळूच सांगायचा, ती बोटानं हो किंवा नाही करायची.

आठव्या दिवशी दुपारी हुकूम बदामाचा होता. या खेळात हुकमाचा गुलाम सगळ्यांत मोठा, राजाहून मोठा, आणि तो रेटोच्या हातात होता. इल्दानं एक्का टाकला. रेटो घुटमळला. त्यानं एक हलकं पान उचललं.

“काय आहे तुझ्याकडे?” मार्लीसनं विचारलं. डोळे मिटलेलेच. सकाळपासून ती बोलली नव्हती.

“गुलाम आहे. पण अजून तीन हात बाकी आहेत, मी म्हटलं…”

“टाक,” ती म्हणाली. “कुणासाठी जपून ठेवतोयस, वेड्या?”

त्यानं गुलाम टाकला. थॉमेन आजींनी कपाळावर हात मारून घेतला, इल्दानं पोर्तुगीजमध्ये काहीतरी झणझणीत म्हटलं, कोपऱ्यातली तिसरी, आजवर कधी न हसलेली मुलगीसुद्धा हसली. मार्लीस हसली की नाही ते त्याला नीट दिसलं नाही, पण तिचा चेहरा मोकळा झाला होता. ते तिचं शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली, कोरीनचा हात एका बाजूला, रेटोचा दुसऱ्या, आणि थॉमेन आजी आपल्या मोठ्या आवाजात प्रार्थना म्हणत होत्या. पण ते दुसऱ्या दिवशी. त्या दुपारी डाव चालू होता. हात रेटोनं जिंकला होता, म्हणून पुढली उतारी त्याची होती. त्यानं उरलेली पानं पसरून पाहिली, आणि वाकून तिच्या कानाशी विचारलं, “आता कुठलं?”

ती झोपली होती. श्वास चालत होता, लहान, अंतरा-अंतरानं. तिघींनी आपापली पानं पालथी ठेवली.

“सावकाश,” थॉमेन आजी म्हणाल्या, त्यांना जमेल तेवढ्या हळू.

रेटोनं पुन्हा पानं पाहिली. मग त्यांतलं एक उचललं आणि आपल्या मनानं टाकलं.